हवेतील आर्द्रतेचे प्रादेशिक अनुमान व अवकाशीय अंतर्वेशन पद्धती : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : सह्याद्री व पर्जन्यछायेचा प्रदेश)

प्रस्तावना :

हवामानाचा नकाशा पाहणाऱ्या वाचकाला असे वाटते की, त्यावरील प्रत्येक ठिकाणची हवा कोणीतरी मोजलेली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. नकाशावरील मोजलेले बिंदू थोडे असतात आणि उरलेला सारा विस्तार अनुमानाने भरलेला असतो. दोन वेधशाळांच्या मधल्या गावातील हवेत आज सकाळी किती बाष्प होते, याची नोंद कोठेही झालेली नसते. तरीही त्या गावासाठी एक आकडा दिला जातो. तो आकडा काढण्याच्या पद्धतीस 'अवकाशीय अंतर्वेशन' असे म्हणतात. ज्ञात बिंदूंवरील मूल्यांच्या आधारे त्यांच्या दरम्यानच्या अज्ञात बिंदूंवरील मूल्य ठरविणे, असा या संज्ञेचा साधा अर्थ आहे.

तापमान व पर्जन्य यांच्या मापनाचा इतिहास बऱ्याच प्रमाणात लिहिला गेला आहे. आर्द्रतेच्या वाट्याला मात्र तेवढे लक्ष आलेले नाही. पाऊस डोळ्यांना दिसतो, उन्हाचा चटका अंगाला जाणवतो, परंतु हवेतील बाष्प अदृश्य असते. पिकांवरील रोग, धान्याची साठवण, जमिनीतील ओलाव्याचे बाष्पीभवन आणि मानवी शरीराची उष्णता सहन करण्याची क्षमता या सर्व बाबी मात्र त्यावर अवलंबून असतात. म्हणूनच हा अदृश्य घटक कसा मोजला गेला, आणि जेथे मोजला गेला नाही तेथे तो कसा ठरविला गेला, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासाइतकाच समाजाच्या इतिहासाचाही आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. आर्द्रतामापनाच्या साधनांचा ऐतिहासिक विकास थोडक्यात मांडणे.
२. भारतातील, विशेषतः मुंबई इलाख्यातील, वेधशाळांच्या जाळ्याच्या उभारणीचा आढावा घेणे.
३. हाताने काढलेल्या समरेषांपासून संख्याशास्त्रीय अंतर्वेशनापर्यंतच्या प्रवासातील प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
४. सह्याद्रीच्या परिसरात या पद्धतींना येणाऱ्या मर्यादा व त्यांचे सामाजिक परिणाम तपासणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. पद्धतींमधील फरक स्पष्ट करण्यासाठी काही ठिकाणी काल्पनिक आकडे घेऊन गणिती उदाहरणे दिली आहेत. ती उदाहरणे असल्याचा उल्लेख त्या त्या ठिकाणी केला आहे.

आर्द्रतामापनाचा उदय :

हवेत बाष्प असते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. दमट हवेत मीठ पाझरते, दोरी आखडते, चामडे सैल पडते, हा नित्याचा अनुभव होता. परंतु या अनुभवाला आकड्यांची जोड मिळण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. जिनिव्हा येथील निसर्गशास्त्रज्ञ होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी इ.स. १७८३ मध्ये आर्द्रतामापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मानवी केसावर आधारलेला आर्द्रतामापक विद्वानांपुढे ठेवला. तेलकटपणा काढून टाकलेला केस हवेतील ओलाव्यानुसार लांब-आखूड होतो. पूर्ण कोरड्या हवेपासून संपृक्त हवेपर्यंत त्याची लांबी सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. एवढ्याशा बदलावर उभारलेले हे साधन पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ वेधशाळांमध्ये वापरात राहिले.

यानंतरची महत्त्वाची पायरी म्हणजे जॉन फ्रेडरिक डॅनियल यांचा इ.स. १८२० मधील दवबिंदू आर्द्रतामापक होय. थंड केलेल्या पृष्ठभागावर ज्या तापमानास दव जमू लागते, ते तापमान हवेतील बाष्पाचे थेट निदर्शक असते, हे तत्त्व त्यात वापरले होते. इ.स. १८२५ मध्ये बर्लिनच्या एर्न्स्ट फर्डिनांड आउगुस्ट यांनी दोन तापमापकांची जोडी प्रचारात आणली. एका तापमापकाचा फुगा कोरडा ठेवावयाचा आणि दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओले मलमलचे कापड गुंडाळावयाचे. ओल्या कापडातून पाण्याचे बाष्पीभवन होते आणि तो तापमापक खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका हा फरक अधिक.

स्वस्त, सुटसुटीत आणि दूरच्या खेड्यातही चालणारे हे साधन जगभर पसरले. त्यातील त्रुटीही तितक्याच साध्या होत्या. कापड मळले, पाण्याचे भांडे रिते झाले किंवा वारा पूर्णपणे पडला, तर ओला तापमापक पुरेसा उतरत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट असल्याची नोंद होते. ही त्रुटी नेहमी एकाच दिशेने घडते, हे येथे विशेषत्वाने लक्षात घेतले पाहिजे. निरीक्षकाचा निष्काळजीपणा प्रदेशाला कागदावर अधिक ओला करतो. इ.स. १८६४ मध्ये थॉमस स्टीव्हनसन यांनी झडपांच्या भिंती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीची रचना सुचविली आणि रिचर्ड आसमान यांनी १८८० च्या दशकात पंख्याने हवा खेचणारा मापक तयार केला. या दोन्हींचा हेतू अशा त्रुटी कमी करणे हाच होता. दोन गावांच्या नोंदींची तुलना करावयाची तर त्या एकाच पद्धतीने घेतलेल्या असल्या पाहिजेत. अंतर्वेशनाची ही पहिली अट होय.

भारतातील वेधशाळा व मुंबई इलाखा :

पश्चिम भारतातील वेधशाळांचा इतिहास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १८२६ मध्ये ती उभारली आणि इ.स. १८४१ पासून तेथे चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे नियमितपणे घेतली जाऊ लागली. याच वेधशाळेत केरो लक्ष्मण छत्रे (१८२५-१८८४) यांनी तरुण वयात साहाय्यक म्हणून काम केले. पुढे पुण्यात गणित व पदार्थविज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाची जडणघडण निरीक्षणाच्या शिस्तीत झाली होती. इ.स. १८७८ मध्ये वेधशाळेचे अधीक्षक चार्ल्स चेंबर्स यांचा मुंबई इलाख्याच्या हवामानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका शहरातील नोंदींकडून संपूर्ण इलाख्याच्या हवेकडे जाण्याचा तो महत्त्वाचा प्रयत्न होता.

अखिल भारतीय पातळीवर हे काम इ.स. १८७५ मध्ये सुरू झाले. इ.स. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतर इ.स. १८६६ व १८७१ मध्ये मोसमी पावसाने दिलेली हुलकावणी या पार्श्वभूमीवर सरकारने भारतीय हवामान खात्याची स्थापना केली आणि हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड यांची प्रमुख म्हणून नियुक्ती केली. मुळात भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून भारतात आलेल्या ब्लॅनफर्ड यांच्यापुढील पहिला प्रश्न एकसूत्रीपणाचा होता. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी साधने, निरनिराळ्या वेळा आणि निरनिराळी कोष्टके वापरली जात होती. त्यांनी निरीक्षकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका व कोष्टके तयार करून या विविधतेला आळा घातला. खात्याचे मुख्यालय पुढे कलकत्त्याहून सिमला येथे आणि इ.स. १९२८ मध्ये पुण्यास आले. शिवाजीनगर भागातील त्या कार्यालयाला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणू लागले व तेथील चौकालाही तेच नाव पडले. इ.स. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस हलविले गेले, तरी हवामानाच्या नोंदी व त्यांचे विश्लेषण यांचे प्रमुख केंद्र म्हणून पुण्याचे स्थान कायम राहिले.

इ.स. १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले. एल. ए. रामदास यांनी दाखवून दिले की, निरभ्र व शांत रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीलगत न आढळता तिच्या काहीसे वर आढळते. या निरीक्षणाचा आर्द्रतेशी निकटचा संबंध आहे. पेटीच्या उंचीवर घेतलेली नोंद आणि पिकाच्या पानालगतची हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणजे अनुमानाचा प्रश्न केवळ दोन गावांमधील अंतराचा नसून एकाच गावातील उंचीचाही आहे.

बिंदूपासून रेषेपर्यंत :

विखुरलेल्या नोंदींना नकाशाचे रूप देण्याची कल्पना एडमंड हॅली यांनी इ.स. १७०१ च्या अटलांटिक महासागराच्या चुंबकीय नकाशात वापरली. समान मूल्यांची ठिकाणे त्यांनी रेषेने जोडली. इ.स. १८१७ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी हीच कल्पना तापमानास लावून समताप रेषा प्रचारात आणल्या. त्यानंतर समभार रेषा, समपर्जन्य रेषा व समआर्द्रता रेषा काढण्याची प्रथा रूढ झाली. भारताच्या हवामानाचा जॉन एलियट यांनी संपादित केलेला नकाशासंग्रह इ.स. १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच परंपरेतील होय.

समरेषा काढणे हेही एक प्रकारचे अंतर्वेशनच होते. फरक इतकाच की ते मनात चालत असे. नकाशाकार दोन वेधशाळांचे आकडे पाहत असे, मधली डोंगररांग व समुद्राचे अंतर विचारात घेत असे आणि मग रेषा वळवीत असे. अनुभवी हाताने काढलेली रेषा अनेकदा अचूक असे, कारण त्या हातामागे भूगोलाचे ज्ञान होते. मात्र रेषा तेथेच का वळली, याचे उत्तर नकाशावर लिहिलेले नसे. दोन नकाशाकारांना तेच आकडे दिले तर दोन वेगळे नकाशे तयार होत आणि त्यांतील कोणता अधिक ग्राह्य मानावा हे ठरविण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता.

या व्यक्तिनिष्ठतेतून बाहेर पडण्याचा एक सोपा मार्ग अमेरिकेतील आल्फ्रेड थीसेन यांनी इ.स. १९११ मध्ये पावसाच्या संदर्भात सुचविला. प्रत्येक केंद्राभोवती असा बहुभुज काढावयाचा की, त्यातील प्रत्येक ठिकाणास तेच केंद्र सर्वांत जवळचे असेल, आणि त्या केंद्राचा आकडा संपूर्ण बहुभुजास लागू करावयाचा. ही पद्धत कोणीही वापरली तरी उत्तर एकच येते. तथापि बहुभुजाच्या कडेवर हवा एकाएकी बदलते, असे या पद्धतीत मानावे लागते. प्रत्यक्ष निसर्गात अशी कड नसते. पद्धत निःपक्षपाती झाली, परंतु नकाशाकाराच्या हाताला असलेले डोंगराचे भान तिने गमावले.

रेषेपासून सूत्रापर्यंत :

विसाव्या शतकाच्या मध्यावर या क्षेत्रास नवी गती मिळाली ती संगणकामुळे. गणिती पद्धतीने हवामानाचा अंदाज काढण्यासाठी संगणकाला समान अंतरावरील जाळीच्या प्रत्येक छेदबिंदूवरील मूल्य हवे होते, आणि वेधशाळा तर अनियमितपणे विखुरलेल्या होत्या. इ.स. १९४९ मध्ये हान्स पॅनॉफस्की यांनी बहुपदी समीकरणे बसवून हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. इ.स. १९५५ मध्ये बर्गथॉर्सन व डोस यांनी आणि इ.स. १९५९ मध्ये जॉर्ज क्रेसमन यांनी क्रमिक दुरुस्तीची पद्धत मांडली. प्रथम एक प्राथमिक अंदाज घ्यावयाचा, जवळच्या नोंदींशी त्याचा फरक काढावयाचा आणि अंतरानुसार कमी-अधिक भार देऊन तो अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारीत न्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते.

याच सुमारास दोन वेगळ्या क्षेत्रांत जवळजवळ सारखाच विचार रुजला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत काम करणारे डॅनी क्रिग यांनी इ.स. १९५१ मध्ये थोड्या नमुन्यांवरून खनिजाच्या साठ्याचे अनुमान करण्याची संख्याशास्त्रीय पद्धत मांडली. फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी इ.स. १९६३ च्या सुमारास तिला शास्त्रशुद्ध पाया दिला आणि क्रिग यांच्या नावावरून ती 'क्रिगिंग' म्हणून ओळखली जाऊ लागली. दुसरीकडे लेनिनग्राड येथील लेव्ह गांदिन यांनी इ.स. १९६३ मध्ये हवामानाच्या क्षेत्रांसाठी इष्टतम अंतर्वेशनाची पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दोन्हींचा गाभा एकच होता. कोणत्या केंद्रास किती भार द्यावयाचा हे केवळ अंतरावरून न ठरविता, अंतर वाढत गेल्यावर दोन ठिकाणांच्या हवेतील साधर्म्य प्रत्यक्षात कसे कमी होत जाते, हे नोंदींवरूनच शोधावयाचे. एकमेकांलगतची दोन केंद्रे बहुतांशी तीच माहिती देतात, म्हणून त्यांचा भार विभागला जातो. या पद्धतींनी अनुमानासोबत त्या अनुमानातील संभाव्य त्रुटीही सांगण्यास सुरुवात केली. नकाशाचा कोणता भाग विश्वासार्ह व कोणता डळमळीत, हे प्रथमच आकड्यांत सांगणे शक्य झाले.

सामान्य वापरात मात्र सर्वाधिक प्रसार झाला तो डोनाल्ड शेपर्ड यांनी इ.स. १९६८ मध्ये मांडलेल्या व्यस्त अंतर भारांकनाचा. जवळच्या केंद्रास अधिक आणि दूरच्या केंद्रास कमी भार, हे त्याचे तत्त्व होय. भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील राष्ट्रीय हवामान केंद्राने तयार केलेली जाळीबद्ध पर्जन्य आकडेवारी याच पद्धतीवर आधारलेली आहे. इ.स. २००६ मध्ये १८०३ केंद्रांच्या आधारे एक अंशाच्या जाळीवरील आणि इ.स. २०१४ मध्ये ६९५५ केंद्रांच्या आधारे पाव अंशाच्या जाळीवरील पर्जन्याची आकडेवारी उपलब्ध झाली. इ.स. २००९ मध्ये तापमानासाठी असेच काम झाले, परंतु तेथे केंद्रांची संख्या ३९५ होती. पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीतही असतो. रोज नियमाने वाचले जाणारे तापमापक त्या मानाने फार थोड्या ठिकाणी असतात, आणि ओल्या कापडाची निगा राखणारी केंद्रे अर्थातच त्यांहून अधिक असू शकत नाहीत. ज्या घटकाचे अनुमान सर्वांत अवघड, त्याच्या नोंदी विरळ, अशी ही स्थिती आहे.

आर्द्रतेचा विशेष प्रश्न :

आर्द्रतेच्या अंतर्वेशनात एक अडचण अशी आहे की, जी पाऊस वा तापमान यांच्या बाबतीत उद्भवत नाही. आर्द्रता म्हणजे नेमकी कोणती राशी, हे आधी ठरवावे लागते. सर्वपरिचित असलेली सापेक्ष आर्द्रता ही एक टक्केवारी आहे. त्या तापमानास हवा जास्तीत जास्त जितके बाष्प धारण करू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, एवढेच ती सांगते. तापमान बदलले की बाष्प तेवढेच राहूनही ही टक्केवारी बदलते. उदाहरणार्थ, हवेतील बाष्पदाब २० हेक्टोपास्कल असेल तर २० अंश सेल्सिअस तापमानास सापेक्ष आर्द्रता सुमारे ८६ टक्के येते आणि ३५ अंशास ती सुमारे ३६ टक्क्यांवर उतरते. हवा तीच, बाष्प तेवढेच, आकडे मात्र दोन टोकांचे.

याचा परिणाम अंतर्वेशनावर कसा होतो हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका केंद्रावर तापमान २० अंश व सापेक्ष आर्द्रता ९० टक्के, तर दुसऱ्यावर ४० अंश व २० टक्के आहे असे मानू. दोहोंच्या बरोबर मध्यावरील ठिकाणासाठी टक्केवारीची सरळ सरासरी घेतली तर ५५ टक्के हे उत्तर येते. आता बाष्पदाब स्वतंत्रपणे काढला, तर पहिल्या केंद्रावर तो सुमारे २१ व दुसऱ्यावर सुमारे १४.८ हेक्टोपास्कल भरतो. त्यांची सरासरी १७.९ आणि तापमानाची सरासरी ३० अंश. या तापमानास संपृक्त बाष्पदाब सुमारे ४२.४ हेक्टोपास्कल असतो. म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारे ४२ टक्के येते. एकाच माहितीवरून काढलेल्या दोन उत्तरांत १३ टक्क्यांचा फरक पडला. म्हणून बाष्पदाब किंवा दवबिंदू यांचे अंतर्वेशन करावे, तापमानाचे वेगळे करावे आणि शेवटी दोहोंवरून सापेक्ष आर्द्रता काढावी, हा मार्ग अधिक सयुक्तिक ठरतो.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. भारतीय वेधशाळांमध्ये सकाळी साडेआठ व सायंकाळी साडेपाच या दोन नोंदींना दीर्घकाळ प्राधान्य राहिले. पठारावर उन्हाळ्यात सकाळची सापेक्ष आर्द्रता सायंकाळपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यामुळे केवळ 'सरासरी आर्द्रता' असे म्हणणाऱ्या नकाशात दिवसाचे कोणते रूप उतरले आहे, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लावता येत नाही. तिसरा प्रश्न उंचीचा. ओल्या-कोरड्या तापमापकांवरून बाष्पदाब काढताना हवेचा दाबही विचारात घ्यावा लागतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५० हेक्टोपास्कलने कमी असतो. तेथे दोन तापमापकांत ८ अंशांचा फरक असताना समुद्रसपाटीचे कोष्टक वापरले, तर बाष्पदाब सुमारे ०.८ हेक्टोपास्कलने कमी निघतो. ही त्रुटी लहान दिसली, तरी अंतर्वेशन तिला शेजारच्या गावांपर्यंत पोहोचविते.

सह्याद्रीची कसोटी :

या सर्व पद्धतींची खरी परीक्षा सह्याद्रीत होते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडून डोंगराला भिडतात, वर चढताना थंड होतात, त्यातील बाष्पाचा मोठा भाग पावसाच्या रूपाने गळून पडतो आणि पलीकडे उतरताना तीच हवा तापून कोरडी होत जाते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पायथ्याच्या वाईस तो एक हजार मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. नकाशावर बोटभर असलेल्या या अंतरात दोन वेगळ्या हवा नांदतात.

अशा ठिकाणी केवळ अंतरावर विसंबणारे सूत्र कसे फसते, हे आणखी एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. डोंगरामागील एक गाव किनाऱ्याकडील केंद्रापासून २० किलोमीटरवर आणि पठारावरील केंद्रापासून ४० किलोमीटरवर आहे. पहिल्या केंद्रावर बाष्पदाब २४ व दुसऱ्यावर १४ हेक्टोपास्कल आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार दिल्यास पहिल्या केंद्राचा भार दुसऱ्याच्या चौपट होतो आणि गावासाठी २२ हेक्टोपास्कल हे उत्तर येते. गाव मात्र डोंगराच्या पलीकडे असल्याने तेथील हवा पठाराशी अधिक मिळतीजुळती असण्याची शक्यता आहे. सूत्राला किलोमीटर कळतात, घाटमाथा कळत नाही. मोसमी पावसाच्या दिवसांत किनारा व पठार या दोहोंची हवा ओली असल्याने ही त्रुटी झाकून जाते. मार्च ते मे या काळात ती उघडी पडते.

या उणिवेवर दोन मार्ग शोधले गेले. पहिला, उंचीला समीकरणात स्थान देणे. ऑस्ट्रेलियातील मायकेल हचिन्सन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत अक्षांश व रेखांश यांच्याबरोबर उंचीचाही समावेश होतो. तिचाच उपयोग करून इ.स. २००२ मध्ये मार्क न्यू व सहकाऱ्यांनी जगाच्या भूभागासाठी सापेक्ष आर्द्रतेसह अनेक घटकांची सूक्ष्म जाळीवरील आकडेवारी प्रसिद्ध केली. अमेरिकेत ख्रिस्तोफर डेली व सहकाऱ्यांनी इ.स. १९९४ मध्ये पर्जन्यासाठी मांडलेल्या पद्धतीत डोंगराचा उतार कोणत्या दिशेस तोंड करून आहे, याचीही दखल घेतली गेली. दुसरा मार्ग म्हणजे नोंदी व वातावरणाचे गणिती प्रारूप यांचा मेळ घालणे. युरोपीय केंद्राने तयार केलेली 'इरा-५' ही आकडेवारी या प्रकारची असून तिची जाळी सुमारे ३१ किलोमीटरची आहे. महाबळेश्वर व वाई ही दोन्ही ठिकाणे या जाळीच्या एकाच चौकटीत सामावू शकतात, हे लक्षात घेता तिची मर्यादाही स्पष्ट होते.

विचार केल्यास असे दिसते की, उंची व उताराची दिशा समीकरणात आणणे म्हणजे जुन्या नकाशाकाराच्या मनातील डोंगराचे भान सूत्रात परत आणणे होय. शंभर वर्षांच्या प्रवासात निर्णय नाहीसा झाला नाही, तो हातातून सूत्रात गेला. फरक असा की, सूत्रातील निर्णय लिहिलेला असतो आणि म्हणून तपासता येतो. एक केंद्र बाजूला ठेवून उरलेल्या केंद्रांवरून त्याचे मूल्य काढावे व प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहावे, ही साधी पडताळणी हाताने काढलेल्या रेषेच्या बाबतीत व्यवहारात शक्य नव्हती.

अनुमानाचे सामाजिक परिणाम :

हा इतिहास केवळ तांत्रिक राहत नाही, याचे कारण अनुमानित आकड्यावर आज प्रत्यक्ष निर्णय होतात. नाशिक, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्ष बागायतदारास केवडा रोगाची भीती असते. पाने किती तास ओली राहिली आणि हवेत किती ओलावा होता यावर त्याची फवारणी ठरते. अनुमान चुकीने दमट आले तर औषधाचा खर्च वाया जातो. ते चुकीने कोरडे आले तर बाग जाते.

इ.स. २०१६ पासून देशात पुनर्रचित हवामान आधारित पीक विमा योजना अमलात आली. पाऊस, तापमान, वारा, आर्द्रता इत्यादी घटकांनी ठराविक मर्यादा ओलांडल्यास भरपाई देण्याचे तत्त्व तीत आहे. भरपाई ठरते ती संदर्भ केंद्राच्या नोंदीवरून, शेतातील हवेवरून नव्हे. महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पाखाली इ.स. २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारली गेली. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर धरता सरासरी सुमारे १५० चौरस किलोमीटरला एक केंद्र येते. पूर्वीच्या तुलनेत ही मोठीच प्रगती होय. तथापि एका मंडळास एक केंद्र व त्याचा आकडा साऱ्या गावांना लागू, ही व्यवस्था तत्त्वतः थीसेन यांच्या १९११ च्या पद्धतीचेच रूप आहे. कडेची रेषा तेथे भूमितीने ठरे, येथे ती महसुली हद्दीने ठरते. घाटालगतच्या तालुक्यांत केंद्र डोंगराच्या एका अंगास आणि बाग दुसऱ्या अंगास असेल, तर नोंद बरोबर असूनही न्याय चुकू शकतो.

उष्णतेच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. घाम सुकल्याने शरीर थंड होते आणि हवा दमट असेल तर घाम सुकत नाही. दि. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर जमलेल्या जनसमुदायातील १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरविण्यासाठी ३७ अंश आणि मैदानी प्रदेशासाठी ४० अंश, असे वेगळे किमान निकष हवामान खात्याने ठेवले आहेत. परंतु एखाद्या विशिष्ट मैदानावरील दुपारच्या हवेत बाष्प किती होते, हे सांगण्यासाठी मोजमाप किंवा विश्वासार्ह अनुमान हवे. इ.स. २००० नंतर जगाच्या भूभागावरील हवेत बाष्पाचे प्रमाण वाढले असून सापेक्ष आर्द्रता मात्र सरासरीने घटल्याचे जागतिक नोंदींवरून दिसून आले आहे. तापमानवाढीच्या काळात या दोन राशींतील भेद नीट समजून घेणे म्हणूनच अधिक आवश्यक झाले आहे.

निष्कर्ष :

१. आर्द्रतेचा कोणताही नकाशा हा मोजमाप व अनुमान यांचे मिश्रण असतो. अनुमानाची गुणवत्ता सूत्राआधी निरीक्षकाच्या शिस्तीवर अवलंबून असते.
२. समरेषांपासून इष्टतम अंतर्वेशनापर्यंतच्या विकासात मानवी निर्णय संपुष्टात आलेला नाही. तो लिखित व तपासणीयोग्य झाला आहे.
३. सापेक्ष आर्द्रतेचे थेट अंतर्वेशन दिशाभूल करू शकते. बाष्पदाब किंवा दवबिंदू व तापमान यांचे स्वतंत्र अंतर्वेशन अधिक योग्य होय.
४. सह्याद्रीसारख्या प्रदेशात उंची, उताराची दिशा व समुद्रापासूनचे अंतर विचारात न घेणारी पद्धत अपुरी पडते.
५. अनुमानासोबत त्रुटीची मर्यादा देण्याची सोय १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहे. विमा व आपत्ती व्यवस्थापनासारख्या क्षेत्रांत आकड्याबरोबर ही मर्यादाही जाहीर होणे आवश्यक आहे.

समारोप :

सोस्यूर यांच्या केसापासून आजच्या स्वयंचलित केंद्रांपर्यंतचा प्रवास सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. या काळात मोजलेल्या बिंदूंची संख्या सतत वाढत गेली, पण बिंदूंच्या मधली जागा कधीच संपली नाही आणि संपणारही नाही. त्या जागेत माणसे राहतात, शेती करतात, उन्हात कामे करतात. त्यांच्या हवेविषयी सांगितलेला आकडा मोजलेला आहे की अनुमानलेला, आणि अनुमानलेला असल्यास तो किती चुकू शकतो, हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. तो आकडा त्यांना त्याच्या त्रुटीसह कळविणे, ही शास्त्राची जशी जबाबदारी आहे तशीच शासनाचीही आहे.